मदतीची मजुरी आणि मजुरीचा मान

अडलेल्याला हात द्यावा, याविषयी आपल्या परंपरेत दुमत नाही. प्रश्न उपस्थित होतो तो हात कोणत्या रीतीने द्यावा याविषयी. धडधाकट मनुष्य स्वतःचा काही दोष नसताना बेकार झाला, तर शासनाने त्याच्या हाती धान्य वा पैसा ठेवून मोकळे व्हावे, की त्याला काम देऊन मजुरी द्यावी? फुकटचे अन्न स्वाभिमान हिरावते, असे एक पक्ष म्हणतो. उपाशी माणसाला आधी घमेले उचलायला लावून मग जेवू घालणे हीच क्रूरता, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, म्हणूनच हा प्रश्न सहजी सुटत नाही.

या प्रश्नाची फार मोठी परीक्षा अमेरिकेत 1930 नंतरच्या दशकात झाली. 1929 च्या अखेरीस तेथील शेअरबाजार कोसळला आणि महामंदीला तोंड फुटले. 1933 पर्यंत दर चार कामकऱ्यांपैकी जवळजवळ एक बेकार झाला होता. बेकारांची संख्या सव्वा कोटीच्या आसपास होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये अध्यक्षपदी आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नुसत्या शिधावाटपापेक्षा काम देण्याचा मार्ग पसंत केला.

परंतु काम द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, याविषयी त्यांच्या दोन सहकाऱ्यांचीच दृष्टी भिन्न होती. पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशनचे प्रमुख हॅरॉल्ड इकिस यांचा भर भक्कम, टिकाऊ आणि चोख हिशेबाच्या बांधकामांवर होता. न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल आणि वॉशिंग्टन राज्यातील ग्रँड कूली धरण यांसारख्या कामांना त्यांच्या खात्याचा पैसा लागला. समाजकार्याच्या क्षेत्रातून आलेले हॅरी हॉपकिन्स यांना मात्र घाई होती, कारण भूक आराखड्याच्या मंजुरीपर्यंत थांबत नाही. त्यांनी 1933 च्या हिवाळ्यात अवघ्या दोन-अडीच महिन्यांत 40 लाखांहून अधिक लोकांना कामावर लावले. विशेष म्हणजे त्यांतील सुमारे निम्म्या लोकांना आपले दारिद्र्य कोणापुढे सिद्ध करावे लागले नाही. 1935 मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले. तेथे मात्र गरजूपणाची चौकशी पुन्हा आली. काम मिळण्याआधी घरातील मडकी रिकामी असल्याचे दाखवावे लागणे, हा मदतीतील सर्वांत बोचरा भाग होय.

या संस्थेने 1943 पर्यंत सुमारे 85 लाख लोकांना काम दिले. साडेसहा लाख मैलांच्या आसपास रस्ते, 75 हजारांहून अधिक पूल आणि सव्वा लाखाच्या जवळपास सार्वजनिक इमारती बांधल्या वा दुरुस्त केल्या गेल्या. तरुणांसाठी निघालेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरमध्ये महिना 30 डॉलर मिळत आणि त्यांपैकी बहुधा 25 डॉलर घरी पाठवावे लागत. नऊ वर्षांत सुमारे 30 लाख तरुणांनी 300 कोटींच्या आसपास झाडे लावली. केंटकीच्या डोंगराळ भागात स्त्रिया घोड्या-खेचरांवरून घरोघर पुस्तके पोहोचवीत. ऑरेगॉनमधील टिंबरलाइन लॉज या विश्रामगृहात आगगाडीच्या जुन्या रुळांपासून शेकोटीची लोखंडी उपकरणे आणि टाकाऊ घोंगड्यांपासून जाजमे बनविण्यात आली. ते विश्रामगृह आजही वापरात आहे.

टीकाही कमी झाली नाही. फावड्यावर रेलून उभा असलेला सरकारी मजूर हा त्या काळातील व्यंगचित्रांचा नेहमीचा विषय होता. काही कामे खरोखरच निरर्थक होती, हेही मान्य केले पाहिजे. तथापि या टीकेत एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, गरजूला दिलेले काम मुळातच खोटे असते, आणि खरे काम फक्त बाजारच ठरवितो. वस्तुतः रस्ता, शाळा, पूल यांची आवश्यकता मंदीपूर्वीही होतीच. ती भागविण्याची निकड मात्र मंदीनंतर वाटली.

येथे आपल्याकडील अनुभव ताडून पाहावा. इंग्रजी अमदानीतील दुष्काळी कामांवर खडी फोडण्याची कामे पुष्कळ असत. काम कष्टाचे आणि मजुरी तुटपुंजी ठेवावी, म्हणजे खरा गरजूच येईल, असा त्यामागील हिशेब होता. 1877 मध्ये ती मजुरी इतकी घटविण्यात आली, की पुण्याच्या सार्वजनिक सभेने तिच्याविरुद्ध आवाज उठविला. अमेरिकेतील मंदीच्याच काळात, 1929 ते 1943 या वर्षांत, जोधपूरला उमेद भवन उभे राहिले. तेही दुष्काळग्रस्तांना रोजगार देण्याच्या हेतूने. हजारो हातांना काम मिळाले, ही गोष्ट लहान नाही. परंतु जे उभे राहिले तो राजवाडा होता. बांधणाऱ्यांची मुले त्यात शिकणार नव्हती.

याउलट महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने जी रोजगार हमी योजना विस्तारली, तिला 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले. पाझर तलाव आणि नालाबांध यांना तीत स्थान होते, आणि काम मागणे हा हक्क ठरला. खडी फोडणारा आणि हक्काने काम मागणारा, दोघेही उन्हातच राबतात. तरी दोघांच्या स्थितीत नैतिक अंतर फार मोठे आहे.

राज्य शासनाच्या सेवेत असताना टंचाईच्या कामांची हजेरीपत्रके तपासण्याचा प्रसंग मला अनेकदा आला. मजूर मजुरीचा दर विचारीत, हे स्वाभाविकच होते. पण त्याखालोखाल ते हमखास विचारीत, की हा बांध पावसाळ्यात टिकेल ना? हा प्रश्न केवळ पोटासाठी आलेल्या माणसाचा नव्हे. आपले श्रम वाया जाऊ नयेत, अशी इच्छा असलेल्या माणसाचा तो आहे.

अमेरिकेतील प्रयोग या कसोटीवर सर्वस्वी उतरला असे नाही. तरुणांच्या छावण्यांत कृष्णवर्णीयांना बहुतांशी वेगळे ठेवले गेले. एका कुटुंबातून सामान्यतः एकालाच काम मिळे, त्यामुळे पुष्कळ स्त्रिया वगळल्या गेल्या. ग्रँड कूलीच्या जलाशयात मूळ निवासी जमातींचे केटल फॉल्स हे पिढ्यान्पिढ्यांचे मासेमारीचे ठिकाण बुडाले. 1940 मध्ये त्या जमातींनी तेथे जमून शोक केला. एकाची भाकरी दुसऱ्याच्या ताटातून काढली जात असेल, तर तिला परोपकार म्हणता येत नाही.

तेव्हा फुकट द्यावे की काम करवून द्यावे, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. वृद्ध, आजारी, अपंग यांना विनाअट दिलेच पाहिजे. ज्याच्याकडून काम घ्यायचे, त्याच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. दारिद्र्य नसते तरी ते काम करण्याजोगे ठरले असते काय? ते मिळविण्यासाठी त्याला लाज गहाण टाकावी लागली काय? आणि जे उभे राहिले, त्याचा उपभोग घेणाऱ्यांत तो स्वतः आहे काय? या तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल, तर मजुरी देणारा दाता राहत नाही आणि घेणारा याचक राहत नाही. समाजाने आपलेच राहून गेलेले काम आपल्याच माणसांकडून करवून घेतलेले असते, आणि त्याचा मोबदला दिलेला असतो.