शून्य आणि रिकामं

गावांच्या माहितीची एक वेबसाइट मी सांभाळायचो. चंद्रपूर आणि गडचिरोली, प्रत्येक गावाला एक पान. 2011 च्या जनगणनेच्या यादीवरून पानं एकगठ्ठा तयार केलेली, त्यामुळे त्यांत रिठी गावंही आली. आपल्याकडे अशी गावं पुष्कळ: हद्द आहे, शिवार आहे, राहणारं कुणी नाही. जुन्या महसुली भाषेत बेचिराख, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. संस्थेत ठरलं, ओसाड गावांची पानं काढून टाकू. मलाही पटलं.

एकेक पान उघडून काढायचं तर आठवडा गेला असता. मी चार ओळींचं लूप लिहिलं: लोकसंख्या शून्य असेल ते पान काढ. चहा संपायच्या आत काम झालं.

दोन गोष्टी मला माहीत असायला हव्या होत्या. वर्डप्रेसमध्ये साधं पान किंवा पोस्ट काढली की ती आधी कचरापेटीत जाते आणि 30 दिवस तिथे राहते. पण आपण स्वतः तयार केलेल्या प्रकारचं पान (आमचा प्रकार होता ‘गाव’) त्याच फंक्शननं काढलं, तर ते थेट नष्ट होतं. दुसरी गोष्ट म्हणजे सर्व्हरवर पीएचपीची सातवी आवृत्ती होती. तिच्यात बरोबरची दोन चिन्हं टाकून तुलना केली तर रिकामी जागा आणि शून्य एकच धरतात. 2020 मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत हे बदललं. म्हणजे ज्या पानांवर लोकसंख्येचा रकाना कुणी भरलाच नव्हता, तीही माझ्या लूपनं ओसाड ठरवली.

त्यात धानोरा तालुक्यातला एक टोला होता. जनगणना महसुली गाव मोजते, टोल्याचा वेगळा आकडा येत नाही. म्हणून रकाना रिकामा. तिथल्याच एका मुलीनं त्या आठवड्यात ते पान केलं होतं. आजीनं सांगितलेल्या जंगलाच्या जुन्या खुणा तिनं लिहिल्या होत्या: कुठला नाला, कुठलं देवस्थान, मोहाची कुठली झाडं कुणाची. बॅकअप त्याच्या आधीचा. मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “लिहीन ना भाऊ पुन्हा. पण आजीले पुन्हा इचारा लागन.”

माझ्या वेबसाइटवरचं पान काही ग्रामसभेचा कागद नव्हतं. पण वनहक्क कायद्याच्या नियमांत ज्येष्ठांचं लिहून घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून धरतात, आणि याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आहे. आजीचं सांगणं नुसती आठवण नव्हती.

मग ते पान काढलं कुणी? त्या टोल्याचं नाव मी वाचलंसुद्धा नव्हतं. लूपनं काढलं म्हणणं सोपं आहे. हातानं काढलं असतं तर वाचलं असतं, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं; पण चाळिसाव्या पानानंतर मीही न वाचता क्लिक करत सुटलो असतो. चूक त्याच्या आधीची आहे. ‘इथे कुणी नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ ही दोन वाक्यं मी एकाच अटीत बसवली. जुन्या पीएचपीनं फक्त मला अडवलं नाही.

तलाठ्याचं दप्तर याबाबतीत माझ्याहून शहाणं. गाव रिठी झालं तरी त्याचं नाव आणि हद्द खोडली जात नाही. शेजारच्या गावात राहून लोक तिथलं शेत कसतात. ताडोब्यातून नवेगाव, जामणी बाहेर वसवली. जुन्या जागी आता गवताळ कुरणं आहेत, आणि सफारीहून परतलेला माणूस सांगतो, “जामणीत वाघ दिसला.” खरं तर त्या शून्यवाल्या पानांबद्दलही आता माझं मन तेवढं ठाम नाही.

सगळंच जपायचं, असंही नाही. त्याच वेबसाइटवर लाभार्थ्यांच्या मोबाइल नंबरांची एक यादी उघडी पडून होती. ती मी कायमची पुसली, बॅकअपमधूनसुद्धा, आणि त्या रात्री झोप चांगली लागली.

आता माझं लूप आधी नुसती यादी छापतं. रिकाम्या रकान्याची पानं त्यात वेगळी येतात, आणि ती यादी मी तालुक्यातल्या कुणाला तरी पाठवतो. उत्तर यायला कधी पंधरा दिवस लागतात. तोवर पानं तशीच राहतात.

आजीला पुन्हा विचारून झालं का, हे मी त्या मुलीला अजून विचारलेलं नाही.