विद्येचे ऋण

विद्येचे मोल कोणी द्यावे, हा प्रश्न काशीत फार जुना आहे. वेतन ठरवून शिकविणाऱ्या गुरूला मनुस्मृतीने 'भृतकाध्यापक' म्हणून श्राद्धपंक्तीतून वगळले; दक्षिणा मात्र अध्ययन पुरे झाल्यावर, शिष्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावी असे सांगितले. तोवर पाठशाळांच्या योगक्षेमाचा भार राजे, सावकार व अन्नछत्रे वाहत. या व्यवस्थेचे दार स्त्रियांना व बहुसंख्य जातींना बंद होते, हा तिचा दोष अक्षम्य होय. तथापि तिच्यातील एक विचार आजही घेण्याजोगा आहे : आधी विद्या, मग दक्षिणा.

पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ साली स्थापिलेले काशी हिंदू विश्वविद्यालय देणग्यांतून उभे राहिले. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयाला सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे. याच आवारातील अभियांत्रिकी संस्थेला २०१२ साली आय.आय.टी.चा दर्जा मिळाला. आणि २०१६ साली देशातील आय.आय.टीं.ची पदवी अभ्यासक्रमाची वार्षिक फी ९० हजारांवरून २ लाख रुपयांवर गेली. अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना आणि १ लाखाच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांना संपूर्ण माफी देण्यात आली, ५ लाखांपर्यंत दोन-तृतीयांश. आपल्यासारखा नोकरदार बहुधा या रेषेच्या वर राहतो, आणि साहजिकच कुरकुरतो.

पण ज्या शेतमजुराचा मुलगा दहावीपुढे गेला नाही, तोही काडेपेटी घेताना कर भरतो. त्याच्या पैशावर अभियंता घडावा आणि फळ एकट्या अभियंत्याने चाखावे, हा कोणता न्याय? या आक्षेपाला उत्तर दिल्यावाचून फुकट शिक्षण मागणे म्हणजे आपल्या सोयीला तत्त्वाचे नाव देणे होय.

यावर शैक्षणिक कर्जाचा उपाय सुचविला जातो. हिशेबाला तो चोख आहे. परंतु अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण विद्येबरोबरच हप्त्यांचे वेळापत्रकही देतो. मग तो खेड्यात दवाखाना घालीत नाही, शाळेत शिकवीत नाही, संशोधनात वर्षे घालवीत नाही. आणि पैशामागे धावतो म्हणून आपणच त्याला बोल लावतो!

१९१३ साली सयाजीरावांनी तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला होता. १९१७ साली ते बडोद्यास आले; अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना, आणि नोकरी सोडावी लागली. करार अपुरा राहिला. पण ते ऋण पुढे ज्या रीतीने फिटले, ती कोणत्या करारात लिहिता आली असती?

म्हणून शिकतेवेळचा खर्च समाजाने करावा, आणि मिळवत्या झालेल्या पदवीधराने मिळकतीच्या मानाने तो परत करावा. शिक्षकाने थोडा, धनाढ्य अभियंत्याने पुष्कळ. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून उत्पन्न ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावरच अशी वसुली कराबरोबर होते. यात शेतमजुराचा पैसा बुडत नाही आणि मुलाचे आयुष्यही गहाण पडत नाही.

ही रीत पुढच्या पिढीपासून लागू व्हावी, असे आपल्याला सहजच वाटेल. परंतु स्वस्त फीत शिकून स्थिरावलेले पहिले ऋणको आपणच आहोत. आपली दक्षिणा अद्याप द्यावयाची आहे.