सुटका कुणाची?

'सुटका' हा मोठा बिलंदर शब्द आहे. कैदी तुरुंगातून बाहेर आला की त्याची सुटका होते. चिकटून बसलेले पाहुणे एकदाचे निघाले की सुटका आपली होते. शब्द तोच, कोण सुटलं ते बाकीच्या वाक्यावरून कळतं. सापाच्या बाबतीत मात्र वाक्य पूर्ण वाचूनही कळत नाही. 'सर्पमित्र आले, साप पकडला, जंगलात सोडला, सुटका झाली.' कुणाची झाली?

हा प्रश्न मला पडण्याचं कारण साधं आहे. मी साप पकडत नाही, मी फोन उचलतो. साप पकडणाऱ्या स्वयंसेवकांचा आमचा छोटा गट आहे. कॉल आला की कुणाचं घर जवळ आहे, कुणाच्या गाडीत पेट्रोल आहे, कुणाला उद्या सकाळची शिफ्ट आहे, हे बघून माणूस पाठवायचं काम माझ्याकडे असतं. पावसाळ्यात फोन थांबत नाही. फोनवर साप दिसत नाही, फक्त माणसाचा आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज एकच मागणी करतो: 'आधी हे इथून न्या.' नेऊन त्याचं काय करणार, हे विचारणारे फार थोडे.

तर आधी त्याचंच उत्तर देतो. साप पिशवीत जातो, वनविभागाला कळवलं जातं आणि मग त्याला गावाबाहेर, झाडी असलेल्या एखाद्या जागी सोडलं जातं. पिशवीचं तोंड उघडतं, साप गवतात दिसेनासा होतो, कुणीतरी व्हिडिओ काढतं. गोष्ट तिथे संपते. म्हणजे आपल्यापुरती संपते.

सापाची गोष्ट तिथून सुरू होते. आपण धरून चालतो की प्रत्येक सापाचं घर म्हणजे जंगल. पण धामण आपल्या आसपास असते ती उंदरांमुळे, आणि उंदीर असतात ते आपल्या धान्यामुळे, कचऱ्यामुळे. नाग शेताच्या बांधावर, वारुळात, उंदरांच्या बिळात राहतो. दिवड पाणी आणि बेडूक जिथे असतील तिथे असते, मग ते पाणी नाल्याचं का असेना. या सापांना आपला परिसर माहीत असतो. कुठलं बीळ खोल आहे, ऊन कुठे पडतं, भक्ष्य कुठल्या वाटेनं येतं, धोका आला तर कुठे शिरायचं, याच्यावर त्यांचं जगणं चालतं. असा साप उचलून 'निसर्गात' नेऊन सोडणं म्हणजे डोंबिवलीच्या माणसाला डोळे बांधून सह्याद्रीच्या कड्यावर उतरवायचं आणि म्हणायचं, 'जा बाबा, सुखानं राहा.'

याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये टिंबर रॅटलस्नेक या विषारी सापांच्या शरीरात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढला गेला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, दुसरीकडून आणून सोडलेल्या सापांपैकी निम्म्याहून जास्त मेले. मूळच्या जागी राहणाऱ्या सापांमध्ये हे प्रमाण साधारण नवात एक इतकंच होतं. आणून सोडलेले साप विचित्र पद्धतीनं लांब लांब भटकत राहिले. आपल्याकडे कर्नाटकातल्या आगुंबे परिसरात नागराजांवर असा माग काढण्याचं काम झालं, तिथेही हलवलेला नागराज स्थानिक नागराजापेक्षा कितीतरी जास्त भटकला. प्रत्येक जातीचं असंच होतं असं म्हणता येणार नाही, पण 'सोडला म्हणजे वाचला' असंही म्हणता येत नाही.

आता एक वेगळं दृश्य बघू. ब्रिटनमध्ये हिवाळा संपता संपता, ओल्या संध्याकाळी, भेक नावाचे थोराड बेडूक आपल्या जुन्या तळ्याकडे अंडी घालायला निघतात. वाटेत आता रस्ते झालेत, आणि गाड्यांखाली ते चिरडले जातात. म्हणून गावोगावचे स्वयंसेवक चमकणारी जाकिटं घालून, हातात बादली आणि टॉर्च घेऊन रस्त्याकडेला उभे राहतात. बेडूक उचलायचे, बादलीत ठेवायचे, रस्ता ओलांडून पलीकडे सोडायचे. एवढंच काम. कुणी फोन केलेला नसतो, कुणी घाबरलेलं नसतं, सोशल मीडियावर टाकण्यासारखंही त्यात फार काही नसतं.

या दोन कामांना आपण एकाच शब्दानं ओळखतो: रेस्क्यू. पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. बादलीतला बेडूक तिकडेच जातो जिकडे तो निघाला होता. पिशवीतला साप तिकडे जातो जिकडे आपल्याला तो चालतो. पहिल्यात माणूस प्राण्याच्या वाटेतला अडथळा दूर करतो. दुसऱ्यात प्राणी हाच अडथळा असतो, आणि तो माणसाच्या वाटेतून दूर केला जातो. सुटका कुणाची, हे ओळखायची माझी कसोटी यातून आली. जो जीव आपण वाचवला म्हणतो, तो कुठे निघाला होता आणि आपण त्याला कुठे पोचवलं?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग साप पकडणंच बंद करा. ते इतकं सोपं नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले, आणि निम्मे जून ते सप्टेंबरमधले. म्हणजे ऐन पेरणी-लावणीच्या दिवसांत वाकून काम करणारे हात, अंधारात बांधावरून चालणारे पाय, जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी मुलं. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश कित्येकदा झोपेतल्या माणसाला कळतही नाही. ज्या घरात पलंग नाही आणि जवळच्या दवाखान्यात अँटीव्हेनम असेलच याची खात्री नाही, त्या घराला पाचव्या मजल्यावरून 'सहजीवन' शिकवायचा अधिकार मला नाही. त्या घरात मण्यार निघाली तर माणूस पाठवायचा आणि मण्यार बाहेर काढायची, यात विचार करण्यासारखं काही नाही.

शिवाय सर्पमित्र आला नाही तर काय होतं हेही आपल्याला माहीत आहे. काठी येते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, पण भीतीला कलमं पाठ नसतात. काठी आणि पिशवी यांत पिशवी बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार पिशवीबद्दल नाही, तिच्यावर 'जीवदान' असं लिहिण्याबद्दल आहे. पिशवी ही तडजोड आहे. माणसाचा जीव आणि सापाचा जीव समोरासमोर आले आणि आपण माणसाला झुकतं माप देऊनही सापाला एक संधी ठेवली, असा तिचा अर्थ. तडजोडीला तडजोड म्हटलं की ती निदान नीट करता येते: साप लांब न नेता, शक्य तितक्या जवळच्या सुरक्षित जागी, त्याच प्रकारच्या परिसरात, लवकरात लवकर सोडायचा. तिला पुण्यकर्म म्हटलं की मग जितके जास्त साप तितकं जास्त पुण्य, असा हिशेब सुरू होतो.

हा हिशेब आमच्या कामाला लागलेली कीड आहे. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ तास ७२ विषारी सापांबरोबर राहिले. साप विनाकारण चावत नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून केलेला तो प्रयोग होता. पुढे १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, आणि महाराष्ट्रात सापाकडे बघायची नजर बदलली, ती अशा कामांमुळे. पण पुढच्या पिढीतल्या काहींनी त्यातला उद्देश सोडला आणि दृश्य तेवढं उचललं. उघड्या हातात नाग, फणा कॅमेऱ्याकडे, मागे गाणं. ज्या प्राण्याबद्दलची भीती घालवायची, तो भीतिदायक दिसला नाही तर पकडणारा शूर कसा दिसणार? मग तो प्राणी जास्तीत जास्त भीतिदायकच दाखवला जातो. आणि अशा खेळात तरुण मुलं मरतात.

म्हणून स्वयंसेवक गोळा करणं म्हणजे धीट मुलं गोळा करणं नव्हे. धीट मुलं कुठेही मिळतात. शोधायला लागतात ती कंटाळा सहन करणारी मुलं: दर वेळी हूक आणि पाईप वापरणारी, गर्दी हटल्याशिवाय हात न लावणारी, फोटोला नाही म्हणणारी, नोंद लिहिणारी. केरळच्या वनविभागानं २०२० साली साप पकडण्यासाठी प्रशिक्षण, प्रमाणपत्र, सुरक्षित उपकरणं यांची नियमावली आणली, आणि लोकांना कळवता यावं म्हणून 'सर्प' नावाचं ॲप. महाराष्ट्रात २०२५ साली सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा झाली. हे व्हायलाच हवं. कारण रात्री दोन वाजता जो मुलगा स्वतःच्या पेट्रोलवर कुणाच्या तरी बंगल्यात जातो, तो त्या बंगल्यातली भीती स्वतःच्या अंगावर घेत असतो. समाजानं आपली भीती दुसऱ्याला सांभाळायला दिली, तर किमान त्याची किंमत तरी भरावी.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात अवघड कॉल सापाचा नसतोच. तो कासवाचा असतो. 'आमच्याकडे एक कासव आहे. खूप मोठं झालंय. तुम्ही घेऊन जाल का?' विकत घेतलं तेव्हा ते नाण्याएवढं होतं, कानामागे लाल पट्टा, हिरवंगार, गोड. हे रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. मादी वाढली तर फूटभराच्या आसपास जाते आणि नीट सांभाळलं तर हे कासव वीस-तीस वर्षं जगतं. दुकानदार हे सांगत नाही. फिशटँक लहान पडतो, पाण्याला वास येतो, मुलगा दहावीत जातो, आणि घराला एक दिवस भूतदया आठवते. मग कासव देवळाच्या कुंडात किंवा गावच्या तलावात 'मुक्त' केलं जातं. नमस्कारही होतो.

इथे सुटका शब्दाचा पुरता विपर्यास होतो. हे कासव तिथलं नाही. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या तलावातल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा ते बळकावतं. म्हणजे एकाची मुक्ती ही दुसऱ्या कित्येकांची अडचण. पाण्यात सोडायचं नाही, बचाव केंद्रांत जागा नाही, परत अमेरिकेला पाठवायची सोय नाही. आणि दोष तर कासवाचा कणभरही नाही.

अशा वेळी स्वयंसेवी गटानं 'हो, आणा' म्हणणं दयाळूपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. आम्ही सहज घेतो हे कळलं की कासव विकत घेणं आणखी सोपं होतं, कारण परतीची वाट आमच्या दारातून जाते. म्हणून मी आधी विचारतो: मोठी टाकी देता येईल का, ऊन येणारी जागा आहे का, पाणी कसं बदलायचं ते सांगू का? काही चिडून फोन ठेवतात. काही विचारात पडतात, आणि कासव घरीच राहतं. घर सोडून निघालेल्या माणसाचा, अगदीच नाइलाज असलेल्याचा प्रश्न वेगळा. त्याच्यासाठी दुसरं घर शोधायची धडपड आम्ही करतो. पण ज्यानं हा जीव पैसे मोजून आणला, त्याच्यावर त्या जिवाचं तीस वर्षांचं देणं आहे. ते फेडायला मदत करता येते. ते माफ करायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

साप आणि कासव या दोन फोनांमध्ये मला एकच गोष्ट दिसते. दोन्हीकडे माणसाला नकोसं झालेलं काहीतरी नजरेआड करायचं असतं, आणि त्याला चांगलं नाव हवं असतं. स्वयंसेवक हे चांगलं नाव फुकट पुरवू शकतो, आणि टाळ्याही मिळतात. किंवा तो थोडा थांबून म्हणू शकतो, 'साप आत्ता कुठे आहे? अंगणात? मग सगळे जरा लांब व्हा, दार लावा, लांबून नजर ठेवा. फोटो पाठवा, पण त्यासाठी जवळ जाऊ नका.' फोटोत धामण असते, कुंपणाकडे निघालेली. तिला तिच्या वाटेनं जाऊ दिलं तर ती जाते. कुणी आलं नाही, कुणी पकडलं नाही, कुणाच्या वाट्याला श्रेय आलं नाही. माणूस वाचला, सापही त्याच्या बिळापाशी राहिला.

साप पकडणाऱ्या गटांच्या नोंदवहीत सहसा तारीख, जागा, जात, कुठे सोडला असे रकाने असतात, आणि वर्षाअखेरीस आकडा मोठ्या अभिमानानं सांगितला जातो. आमच्या वहीत आणखी एक रकाना आहे: 'न पकडता मिटलं.' तो भरायला वेळ लागतो, कारण पकडायला वीस मिनिटं पुरतात आणि घाबरलेल्या माणसाशी फोनवर बोलायला कधीकधी तास जातो. पण वर्षाअखेरीस मी तो रकाना आधी मोजतो.