चिंतन: गीता, अध्याय १८, श्लोक ४३ – मान कोणत्या सैन्याला द्यायचा?

आज वाचनात गीतेच्या १८ व्या अध्यायातला ४३ वा श्लोक आला. क्षत्रियाचं स्वाभाविक कर्म कोणतं, ते सांगणारा. हा श्लोक आपण बहुतेक वेळा भरभर वाचून पुढे जातो. आपण कुठे लढायला चाललोय, असं वाटतं. पण माझा भाचा भरतीसाठी रोज पहाटे पळायला जातो आणि त्याने मला मागे विचारलं होतं, "मामा, जगात सगळ्यात भारी आर्मी कोणती रे?" त्यामुळे या श्लोकापाशी आज थांबावंसं वाटलं.

'भारी' कोणती हे शोधणं सोपं आहे. रणगाडे मोजा, विमानं मोजा, अण्वस्त्रं मोजा, बजेट बघा, झाली यादी तयार. पण भारी असणं आणि मान द्यावासा वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मारका बैलसुद्धा भारी असतो, आपण त्याला वाट देतो, नमस्कार करत नाही. म्हणून प्रश्न थोडा बदलून घेऊ: मान कोणत्या सैन्याला द्यायचा, आणि कशाच्या आधारावर?

भगवंतांनी या श्लोकात सात गोष्टी सांगितल्या आहेत. पराक्रम, तेज, धीर, कामातलं कौशल्य आणि रणातून पळ न काढणं, या पहिल्या पाच. सहावी दान. सातवी ईश्वरभाव. आता गंमत बघा. पहिल्या पाचही गोष्टी शत्रूसमोरच्या आहेत. पण त्या पाच तर पेंढाऱ्यांकडेही होत्या की! वेग होता, धाडस होतं, घोडदौडीचं कौशल्य होतं. तरी पेंढाऱ्यांच्या नावाने कुणी दिवा लावत नाही. म्हणजे कसोटी शेवटच्या दोन गोष्टींत असली पाहिजे.

ईश्वरभाव म्हणजे काय? शंकराचार्य त्याचा अर्थ प्रभुत्व असा घेतात. ज्यांच्यावर सत्ता आहे, त्यांच्यापुढे ती सत्ता प्रकट करणं. ठीक आहे. पण ईश्वर स्वतः आपली सत्ता कशी वापरतो? ९ व्या अध्यायात भगवंत स्वतःला प्रभू म्हणवतात आणि त्याच श्लोकात स्वतःला पोसणारा, आश्रय आणि मित्रही म्हणवतात. मग ईश्वरभाव म्हणजे नुसता हुकूम चालवणं कसं असेल? समोरच्याचं काहीही करण्याची ताकद हातात असताना त्याला पोसणं, आसरा देणं, असाच अर्थ मला तरी लागतो.

हे आम्हा खानदेशातल्या माणसांना लवकर कळायला हवं, कारण आमचा मुलुख हा फौजांचा रस्ता. बुऱ्हाणपूर एका टोकाला, सुरत दुसऱ्या टोकाला, खाली दख्खन. दिल्लीची फौज दक्षिणेत उतरली की तापीच्या खोऱ्यातून, दक्षिणेची फौज वर निघाली की इथूनच. मोगल आले, मराठे आले, पुढे पेंढारी आले, १८१८ मध्ये इंग्रज आले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश उद्ध्वस्त केला आणि त्यामागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ पडला. लढाई कोण जिंकलं याच्याशी ज्वारीच्या शेताला काही देणंघेणं नसतं. घोडे पिकातून गेले की रस्त्याच्या कडेने, एवढंच त्याला माहीत. म्हणून मला वाटतं, मान कोणाला द्यायचा हे ठरवताना जिंकलेल्या राजाला किंवा टाळ्या वाजवणाऱ्याला विचारू नये. वाटेवरच्या शेतकऱ्याला विचारावं.

या कसोटीवर मला सगळ्यात आधी आठवतं ते शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या लष्कराला लिहिलेलं पत्र. पावसाळ्यासाठी घोडदळाचा तळ पडला होता. महाराज आधी हिशोब सांगतात: दाणा, गवत आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडे जाल. कोणी धान्य आणेल, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. असं झालं तर कुणबी घरदार सोडून जातील, कित्येक उपाशी मरतील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असं त्यांना वाटेल. जे हवं ते बाजारातून विकत आणा. पुढे तर दिव्याबद्दलही सूचना आहे: रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील.

मोगली सत्तेशी झुंज चालू असताना हा राजा भाजीच्या देठाचा आणि उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतोय! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रूट ॲक्सेस म्हणजे काय ते माहीत असतं. तो हातात असला की सिस्टीममध्ये काहीही करता येतं, कोणी अडवत नाही. म्हणून तर नियम आधी लिहून ठेवावे लागतात. मोह झाल्यावर नियम सुचत नाहीत. महाराजांनी तेच केलं. घोडा उपाशी आहे, शेत राखणीशिवाय पडलंय, शिपायाच्या हातात तलवार आहे, हा क्षण येण्याच्या आधीच त्यांनी तो ओळखला.

इथे कोणी म्हणेल, हा तर व्यवहार झाला. कुणबी पळाला तर सारा कोण भरणार? बरोबर आहे, पत्रात तोही विचार आहेच. आणि ज्याची भाजी वाचली त्याला कारणाशी काय करायचंय? पण आपल्या चिंतनासाठी हा आक्षेप महत्त्वाचा आहे. ज्याच्यापासून आपल्याला पुढे काही मिळणार आहे त्याला जपणं, हा अर्धाच ईश्वरभाव. ज्याच्यापासून काहीच मिळणार नाही त्याच्याशी आपण कसे वागतो?

आणि इथे आमच्या जिल्ह्यातली गोष्ट टाळून चालणार नाही. त्याच १६७० च्या दशकात धरणगाव आणि चोपडा या आमच्या बाजारपेठा मराठी फौजांनी लुटल्या. तेव्हा हा मुलुख मोगलांचा होता, इथला सारा मोगलांच्या खजिन्यात जात होता, आणि शत्रूचा खजिना तोडणं हा युद्धाचाच भाग होता. हे सगळं खरं. पण धरणगावच्या एखाद्या छोट्या दुकानदाराला त्या दिवशी काय वाटलं असेल? महाराजांवर श्रद्धा ठेवूनही हा प्रश्न विचारता येतो. श्रद्धा इतकी नाजूक नसते.

अर्जुनाचंही हेच होतं ना? विनोबांनी १९३२ मध्ये आपल्या धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर १८ प्रवचनं दिली, रविवारी एक याप्रमाणे, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पहिल्याच प्रवचनात ते न्यायाधीशाचा दाखला देतात. शेकडो लोकांना फाशी दिलेला न्यायाधीश. स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर उभा राहिल्यावरच फाशी अमानुष आहे हे त्याला सुचतं. अर्जुनाची दया अशीच, समोर स्वजन दिसल्यावर जागी झालेली. आपलं आणि परक्याचं वेगळं माप ठेवणारी दया ही दया नव्हे, मोह आहे.

म्हणून मला खाफीखानाची साक्ष जास्त मोलाची वाटते. हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, महाराजांबद्दल वाईट शब्द वापरणारा. तोही लिहून ठेवतो की मशिदीला, कुराणाला आणि कोणाच्याही स्त्रीला धक्का लावायचा नाही, असा त्यांचा सैन्याला सक्त नियम होता. या नियमातून सारा मिळत नव्हता. इथे व्यवहार संपतो आणि पुढे जे उरतं ते ईश्वरभावाच्या जवळ जाणारं आहे. आपल्या काळातही १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाल्यावर सैनिक आणि इतर मिळून सुमारे ९३,००० लोक भारताच्या ताब्यात आले. जिनिव्हा कराराप्रमाणे त्यांना ठेवलं गेलं आणि पुढे परत पाठवलं गेलं. हत्यार खाली ठेवलेला शत्रू म्हणजे ज्याच्यावर पूर्ण सत्ता आहे असा माणूस. सैन्याची खरी परीक्षा त्याच्यासमोर होते.

मग नुसतं सौम्य सैन्य चांगलं का? नाही. भगवंतांनी पहिले पाच गुण आधी सांगितलेत ते उगाच नाही. जे लढू शकत नाही ते कोणाला आसरा देणार? दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहतात ते बघायचं तर नामदेव जाधव आठवावेत. नगर जिल्ह्यातले, मराठा रेजिमेंटमधले शिपाई. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीवर त्यांच्या सोबतचे जवळजवळ सगळे पडले. त्यांनी आधी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून, उंच बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून नेलं. मग परत येऊन शत्रूच्या मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण क्रम बघा. आधी जखमी माणूस, नंतर शत्रू. श्लोकातला सहावा गुण दान हा आहे, आणि स्वतःचा जीव देऊ करण्यापेक्षा मोठं दान कोणतं?

तर माझं उत्तर असं. सगळ्यात जास्त मान त्या सैन्याला, ज्याने जिंकण्याची ताकद कमावली आणि दुबळ्यासमोर त्या ताकदीला स्वतःहून, लेखी वेसण घातली. चिपळूणच्या पत्रामुळे आणि खाफीखानाच्या साक्षीमुळे मी महाराजांच्या फौजेपुढे हात जोडतो, धरणगाव लक्षात ठेवून. हा मान एकदा मिळाला की कायमचा झाला, असंही नाही. प्रत्येक नव्या शेताजवळून जाताना तो पुन्हा कमवावा लागतो. आजच्या सैन्यालाही, कुठल्याही देशाच्या.

आज दिवसभरात एवढं करून बघू. आपल्या हाताखाली कोण आहे, आठवू. ऑफिसमधला नवीन मुलगा, घरी कामाला येणाऱ्या मावशी, रिक्षावाले काका, घरातलं लहान पोर. यातलं कोणीही आपल्याला उलट बोलू शकत नाही. त्यांच्याशी बोलताना सातवा गुण आठवतो का, ते रात्री झोपताना तपासू.

उद्या ४४ वा श्लोक घेऊ. तोही शेतापासूनच सुरू होतो.

राम कृष्ण हरी.