नामस्मरण करणाऱ्याला विस्मरण का व्हावं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सत्संग संपल्यावर चपला घालता घालता हळू आवाजात विचारला जाणारा एक प्रश्न आज उघडच मांडते. आयुष्यभर ज्यांनी जप केला, पारायणं केली, त्यांना म्हातारपणी पोटच्या मुलाचं नावही आठवेनासं होतं. मग सेवा कुठे कमी पडली? कुणी म्हणतं, मागच्या जन्माचं देणं असेल. कुणी म्हणतं, सुनेनं जिवाला घोर लावला. हल्ली एक नवीन भर पडली आहे, "चालायला जात नव्हते ना, मग होणारच!" बोल वेगवेगळे, पण प्रत्येकाला दोष कुणाच्या तरी माथी मारायचा असतो.

अमेरिकेत १९८६ साली डेव्हिड स्नोडन या संशोधकांनी ख्रिस्ती मठांतल्या नन्सचा अभ्यास सुरू केला. ६७८ नन्स त्यात सामील झाल्या, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. राहणी साधी, प्रार्थना नेमाची, बहुतेकींचा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. मृत्यूनंतर मेंदू तपासायलाही त्यांनी संमती दिली होती. एवढं सारखं आयुष्य असूनही काहींना स्मृतिभ्रंश झाला, काहींना नाही. त्यातल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या. बुद्धीच्या चाचण्यांत त्या शेवटपर्यंत उत्तम होत्या, पण मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. म्हणजे प्रार्थना ही काही लस नाही, आणि मेंदूत रोग असला तरी तो प्रत्येकात सारखाच प्रकट होतो असंही नाही.

दुसरा अभ्यास आपल्या हैदराबादचा. डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण पाहिले, तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली. शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. घरात मराठी आणि बाहेर तेलुगू, कन्नड, हिंदी, गुजराती, कोकणी बोलणाऱ्या आपल्या मंडळींना हे वाचून बरं वाटेल. पण ते बहुभाषिकही शेवटी रुग्णच होते, हे विसरू नये.

२०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं १४ गोष्टी सांगितल्या, ज्यांच्यामुळे धोका वाढतो. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, हवेचं प्रदूषण अशी ती यादी आहे. या सगळ्या दूर करता आल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. मात्र हा हिशोब सगळ्या समाजाचा झाला. तुमच्या आईला कशामुळे झालं, याचं उत्तर त्यात नाही. याच यादीत लहानपणी शिक्षण कमी मिळणं हेही आहे. चौथीनंतर ज्या मुलीची शाळा बंद करून तिच्या कडेवर धाकटं भावंड दिलं, तिचा यात दोष काय? कारण असतं, म्हणून अपराधी असतोच असं नाही.

हा फरक कळला नाही तर नुकसान होतं. दोष लागेल या भीतीनं घरं गोष्ट झाकतात. लोक काय म्हणतील, नातीचं लग्न जमेल का, असं म्हणत दोन-तीन वर्षं जातात. आणि विसरण्यामागे दर वेळी अल्झायमरच असतो असंही नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त, यांवर उपचार होऊ शकतात. शाकाहारी घरांनी बी-१२ कडे तर लक्ष द्यावंच. निदान एका तपासणीत होत नाही. डॉक्टर घरच्यांकडून हकिकत ऐकतात, तारीख-वार विचारतात, घड्याळ काढायला लावतात, रक्त तपासतात, गरज वाटली तर स्कॅन सांगतात. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर मात्र थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.

म्हणून मला वाटतं, कर्माचा विचार करायचाच तर पुढच्या कर्माचा करावा. मागचं उकरून आजारी माणसाला काही मिळत नाही. कानाचं यंत्र करून देणं, मोतीबिंदू काढून घेणं, साखर-रक्तदाब सांभाळणं, वेळेवर तपासणी करणं ही आपल्या हातातली सेवा आहे. हे सगळं करूनही आजार आला, तर ती सेवा फुकट गेली असं समजू नये.

आणि जप? नामस्मरण म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे, की म्हातारपणी भरपाई मागावी. ज्या घडीला नाम घेतलं, ती घडी पावन झाली. ती आठवली नाही म्हणून पुसली जात नाही. पुष्कळांना मुलांची नावं गेल्यावरही जुन्या आरत्या येत असतात. नाही आल्या, तर त्यांच्या शेजारी बसून आपण म्हणायच्या.

गुरुवारी त्यांची खुर्ची नेहमीच्या जागी ठेवा. भेटल्यावर "ओळखलंत का मला?" अशी परीक्षा घेऊ नका. "काका, मी अमुक, नमस्कार करते" असं आपणच आधी सांगावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏