लेखनिकाची लेखणी

महाविद्यालयीन परीक्षेत अंध विद्यार्थ्याला जादा वेळ व लेखनिक द्यावा की नाही, हा वाद कायद्यापुरता मिटला आहे. माणसांच्या मनात मात्र तो धुमसतोच. ‘‘बाकीच्या मुलांवर हा अन्याय नव्हे काय?’’ असे एका सुविद्य पालकांनी मला अलीकडेच विचारले. प्रश्न टाकाऊ नाही. परीक्षा सर्वांना सारखी असावी ही अपेक्षा रास्तच आहे. पण नेमके काय सारखे असावे? इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत आपण इतिहासाचे आकलन जोखतो की कागदावर धावणाऱ्या हाताचा वेग? उत्तर तोंडी सांगायचे, लिहिलेले वाचून घ्यायचे, राहिलेले भरायचे, यात वेळ जातोच. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक घेणाऱ्याला तासामागे किमान २० मिनिटे अधिक दिली आहेत, ती या खर्ची पडलेल्या वेळेची भरपाई होय. बक्षीस नव्हे.

हा हिशेब पटलेला माणूसही पुढे एक चूक करू शकतो. ती मी स्वतः केली आहे.

मी अकरावीत होतो. बी. ए.च्या वर्गातील एका अंध विद्यार्थ्याला लेखनिक हवा होता. मी त्याला दादा म्हणत असे. इतरांना आवाजाचा त्रास नको म्हणून आम्हांला जिन्याखालच्या खोलीत बसविले होते. दादा संथपणे सांगत होता, मी लिहीत होतो. बंगालच्या फाळणीचे साल त्याने १९११ सांगितले. फाळणी १९०५ ची, ती रद्द झाली १९११ साली, हे मला ठाऊक होते. माझी लेखणी क्षणभर थबकली आणि मी १९०५ लिहिले. मनात केवढा आनंद झाला! आपण एका दुर्बळाला हात दिला, असेच मला वाटले.

थोड्या वेळाने मागचा धागा जुळवण्यासाठी त्याने ते उत्तर वाचून दाखवायला सांगितले. साल ऐकताच तो थांबला. ‘‘मी हे सांगितलं नव्हतं. खोड ते.’’

‘‘दादा, पण बरोबर तेच आहे.’’

‘‘असेल. पण पेपर माझा आहे.’’

दया आणि न्याय यांतले अंतर मला पुढे अनेक ग्रंथांत वाचायला मिळाले, पण त्या खोलीत जेवढे लख्ख दिसले तेवढे कुठेच नाही. डोळस विद्यार्थ्याला चुकण्याचा अधिकार असतो. त्याची चूक त्याच्या नावावर जमा होते, तसेच त्याचे यशही. मी दादाची चूक हिरावून घेतली, तेव्हा त्याच्या बरोबर उत्तरांवरचे त्याचे नावही पुसट केले. कोणी विचारले असते, ‘हे गुण तुझे की लेखनिकाचे?’ तर त्याने काय उत्तर द्यावे?

नियम करणाऱ्यांनाही ही भीती आहे. म्हणून त्याच सूचनांत, विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर त्याचे शिक्षण एक पायरी कमी असावे, अशी अट होती. यात संशयाचा सगळा भार विद्यार्थ्यावर पडत होता, हे मला खटकते. आमच्या प्रसंगी कमी शिकलेला मीच होतो आणि अप्रामाणिकही मीच. त्यापेक्षा संगणकावर स्वतः उत्तरे टंकित करण्याची मुभा मला अधिक न्याय्य वाटते. तीही त्या सूचनांत आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणकाचा वापर तेथे विद्यार्थ्यांना करता येतो. अशी सोय गावोगावच्या महाविद्यालयांत असेल, तर मध्ये कोणाची लेखणी नको, कोणाची दयाही नको.

तरी लेखनिक लागणारे राहतीलच. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय दिला, की लेखनिकासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही. टक्केवारी मोजण्यापेक्षा माणसाची अडचण पाहा, असाच त्याचा आशय मी घेतो.

आमचा पुढचा पेपर राज्यशास्त्राचा होता. तोवर दादा गरजेपुरतेच वाचून घेत असे. त्या दिवशी मात्र प्रत्येक उत्तर त्याने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावले. शेवटचा प्रश्न लिहायचा राहून गेला.