लिहिणं सेवा कधी होतं?

आजचं वचन: हबक्कूक 2:2



परमेश्वर हबक्कूकला सांगतो की दृष्टांत पाट्यांवर लिही, आणि स्पष्ट लिही. स्पष्ट कशासाठी? वाचणाऱ्यासाठी. लिहिणाऱ्याच्या भाषेचं कौतुक व्हावं, असं त्या वचनात कुठेही नाही.

आपल्यापैकी बरेच जण साक्ष, संदेश, भक्तिगीतं लिहितात. लिहिणं हे देवाचं पाचारण आहे, असं आपण म्हणतो. पण ही सेवा कोणाची? वाचणाऱ्याची, की आपल्याच नावाची?

पंडिता रमाबाईंकडे बघा. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. एवढं संस्कृत येणाऱ्या बाईने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचं भाषांतर हाती घेतलं, ते मात्र साध्या मराठीत. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. समोर वाचक कोण होते? दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, विधवा, नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बाया. जड शब्द रमाबाईंना सहज सुचले असते. त्यांनी ते बाजूला ठेवले.

कोणी म्हणेल, देवाच्या वचनाला भारदस्त भाषाच शोभते. पण योहान 1:14 आठवा. शब्द स्वतःच देह होऊन आपल्यात राहायला आला. तो खाली उतरला, मग आपली भाषा उंचावर बसून कशी चालेल? पौलही 1 करिंथ 14:19 मध्ये न समजणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा समजणारे पाचच शब्द पसंत करतो.

आता खरा अवघड भाग. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. आणि आज आपल्या बहुतेक मंडळ्यांत वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं भाषांतर. मग एवढे कष्ट वाया गेले का?

मला तसं वाटत नाही. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच बाया होत्या. ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांच्या हातांतून ते वचन अक्षर-अक्षर गेलं. सेवा वाचकांच्या संख्येवर मोजायची नसते. समोरच्या एका माणसाची गरज भागली का, एवढंच बघायचं असतं.

आमच्या अलोऱ्यात डोंगराच्या पोटात कोयनेची वीज तयार होते. दूर कुठेतरी दिवा लावणाऱ्याला अलोरे माहीतही नसतं. दिवा तरी लागतोच ना?

म्हणून आज काही लिहिणार असाल, अगदी आजारी माणसाला दोन ओळींचा मेसेज असला तरी, आधी त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. मग लिहा.

प्रार्थना: प्रभू, माझे शब्द साधे कर. ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचू दे, माझं नाव मागे राहिलं तरी चालेल. येशूच्या नावाने मागतो. आमेन.